न झालेल्या मरणाची राख

लंडनमध्ये लॉर्ड्स मैदानाच्या आवारात एक संग्रहालय आहे. तिथे काचेमागे भाजक्या मातीचा एक छोटा कलश ठेवलेला असतो. उंची जेमतेम 11 सेंटीमीटर. आपल्या देवघरात गंगेचा गडू असतो ना, साधारण तेवढा. आणि त्याच्यासारखाच तोंड बंद केलेला. अंगावर दोन कागद चिकटवलेले आहेत. वरच्यावर नाव, खालच्यावर मेलबर्नच्या एका नियतकालिकात छापून आलेल्या गाण्याच्या काही ओळी. मोठमोठ्या सोनेरी चषकांच्या रांगेत हा कलश ठेवला तर नजर त्याच्यावर थांबायचीही नाही. तरी इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली कसोटी मालिका त्याच्याच नावाने खेळली जाते. तिला अ‍ॅशेस म्हणतात.

हे नाव मी प्रथम ऐकलं ते अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून. हिवाळ्यात सिडनीचा सामना सुरू झाला की आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असायचे. अंगावर शाल घेऊन अण्णा शॉर्टवेव्हवर ऑस्ट्रेलियाचं केंद्र लावत. खरखरीतून मधूनच स्पष्ट होणारा तो आवाज, मग टाळ्या, मग पुन्हा खरखर. भारत खेळत नसताना हे एवढ्या थंडीत कशासाठी उठतात, असं मला वाटायचं. एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते दोघं राखेसाठी भांडतात." कुणाच्या राखेसाठी, असं मी विचारलं. "कुणाच्याच नाही. कुणी मेलंच नव्हतं." एवढं बोलून त्यांनी आवाज वाढवला. पुढे या राखेविषयी जे जे हाती लागलं ते मी वाचत गेलो, आणि दर वेळी वाटलं की खेळातल्या हार-जितीबद्दल आपण जे शिकायला हवं ते या चिमुकल्या कलशाच्या गोष्टीत आहे.

गोष्ट सुरू होते 28 ऑगस्ट 1882 रोजी, लंडनच्याच ओव्हल मैदानावर. बिली मर्डॉक यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाचा संघ आला होता. इंग्लंडने घरच्या मैदानावर त्यांच्याकडून कधी हार खाल्ली नव्हती. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव 63 धावांत आटोपला. इंग्लंडने 101 केल्या. दुसऱ्या दिवशी ओल्या खेळपट्टीवर ह्यू मॅसी यांनी 55 धावा फटकावल्या, तरी सगळा संघ 122 वर बाद झाला. या डावात एक प्रसंग घडला. तरुण सॅमी जोन्स धाव पूर्ण करून खेळपट्टी थोपटायला क्रीजबाहेर आला, आणि डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी चेंडू हातात घेऊन त्याच्या यष्ट्या उडवल्या. नियमाने तो बाद होता. पण फ्रेड स्पॉफर्थ या गोलंदाजाला ते सहन झालं नाही. इंग्लंडला जिंकायला फक्त 85 धावा हव्या होत्या. 2 बाद 51 अशी त्यांची स्थिती होती आणि प्रेक्षक निश्चिंत होते. तिथून स्पॉफर्थ पेटला. षटकामागून षटकं निर्धाव पडू लागली, एकेक फलंदाज परतू लागला. पहिल्या डावात 46 धावांत 7 बळी घेणाऱ्या त्या माणसाने दुसऱ्या डावात 44 धावांत आणखी 7 घेतले. शेवटचा फलंदाज टेड पीट मैदानात उतरला तेव्हा दहाच धावा हव्या होत्या. समोरच्या टोकाला चार्ल्स स्टड उभे होते. त्याच मोसमात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतकं ठोकलेले फलंदाज, पण या डावात त्यांना अगदी तळाला पाठवलेलं. पीटने दोन धावा काढल्या, मग हॅरी बॉयलच्या चेंडूवर बॅट फिरवली आणि त्याचा त्रिफळा उडाला. इंग्लंड सर्वबाद 77. ऑस्ट्रेलिया 7 धावांनी विजयी. स्टड नाबाद शून्य. त्यांना एकही चेंडू खेळायला मिळाला नव्हता.

त्या आठवड्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी आपल्या संघाला खूप सुनावलं. पण टिकली ती एक लहानशी चौकट. 2 सप्टेंबरच्या 'स्पोर्टिंग टाइम्स'मध्ये रेजिनाल्ड शर्ली ब्रुक्स या पत्रकाराने इंग्लिश क्रिकेटची मृत्युवार्ता छापली. काळ्या चौकटीत, सगळ्या रीतीभाती पाळून. 29 ऑगस्टला ओव्हलवर इंग्लिश क्रिकेटचं निधन झालं, असंख्य मित्रपरिवार शोकाकुल आहे, असा मजकूर. आणि खाली टीप, की पार्थिवाला अग्नी देऊन राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल.

या टिपेतली खोच आपल्याला चटकन कळत नाही, कारण अग्निसंस्कार आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये तो मोठ्या वादाचा विषय होता. प्रेत पुरायचं, हीच तिथली रीत. 1874 मध्ये काही डॉक्टर, लेखक आणि चित्रकारांनी एकत्र येऊन दहनाचा पुरस्कार करणारी संस्था काढली. तिच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत शर्ली ब्रुक्स होते, 'पंच' साप्ताहिकाचे संपादक आणि या रेजिनाल्डचे वडील. वोकिंगला दहनगृह बांधून तयार होतं, पण सरकार ते वापरू देत नव्हतं. दहन बेकायदा नाही, असा निकाल न्यायालयाने दिला तो 1884 मध्ये, आणि वोकिंगला पहिलं दहन झालं 1885 मध्ये. म्हणजे 1882 च्या त्या चौकटीत देशाच्या क्रिकेटला अग्नी देणाऱ्या मुलाच्या मनात कुठेतरी वडिलांची अपुरी राहिलेली चळवळ असावी, असं मला वाटतं. सगळ्यांनी वाचून हसायच्या मजकुरात त्याने घरातलं एक जुनं दुःख आणि एक निकराची मागणी ठेवून दिली होती.

आपल्याकडे राख सावडतात, अस्थी नाशिकला किंवा जवळच्या नदीत सोडतात. घरात ठेवत नाहीत. गेलेल्याला जाऊ द्यायचं, हा त्यामागचा विचार. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाने मात्र ही राख ठेवली, जपली, तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खेळत राहिले. ते शक्य झालं याचं कारण ते मरण खरं नव्हतं. खरा शोक माणसाला एक ना एक दिवस विसर्जित करावा लागतो. स्वतःवर हसून काढलेलं दुःख मात्र घरात ठेवता येतं, पाहुण्याला दाखवता येतं, त्याचा सण करता येतो.

त्या पराभवानंतर दोन-तीन आठवड्यांतच इंग्लंडचा एक संघ ऑस्ट्रेलियाला निघाला. कर्णधार होते आयव्हो ब्लाय, डार्नलीच्या अर्लचे चिरंजीव, वय वर्षं 23. आपण ती राख परत आणायला चाललो आहोत, असं ते सांगू लागले. थट्टेला थट्टेनेच उत्तर होतं ते. 'पेशावर' नावाच्या जहाजावर त्यांची मेलबर्नच्या सर विल्यम क्लार्क आणि जॅनेट क्लार्क या दांपत्याशी ओळख झाली. कोलंबो सोडल्यावर जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि संघातला वेगवान गोलंदाज फ्रेड मॉर्ली जबर जखमी झाला. असा अडखळत प्रवास करून मंडळी पोचली. नाताळात क्लार्क कुटुंबाने त्यांना सनबरी इथल्या आपल्या रूपर्ट्सवूड या प्रशस्त वाड्यावर बोलावलं. वाड्यासमोरच्या हिरवळीवर पाहुणे आणि यजमान असा एक हलकाफुलका सामना झाला. आणि मग घरातल्या बायकांनी ब्लाय यांच्या हातात तो मातीचा कलश ठेवला: राख न्यायला आलात ना, मग ही घ्या.

त्यात नेमकं काय जाळून घातलं होतं, यावर आजही मतं निरनिराळी आहेत. बहुतेक जण म्हणतात, यष्टीवरची बेल. कुणी म्हणतं चेंडू. 1998 मध्ये डार्नली घराण्यातल्या एका वयोवृद्ध सूनबाईंनी सांगितलं की ती आपल्या सासूबाईंच्या चेहऱ्यावरच्या जाळीची राख आहे. मला या मतभेदाचं वाईट वाटत नाही. काय जाळलं यापेक्षा कुणी दिलं आणि कुणाला दिलं हे महत्त्वाचं. जिंकलेल्या देशातल्या बायकांनी हरलेल्या देशाच्या कर्णधाराला, आपल्या घरी उतरलेल्या पाहुण्याला, ती भेट दिली होती. स्पर्धेच्या कुठल्याही मंडळाचा, समितीचा किंवा ठरावाचा तिच्याशी संबंध नव्हता. पुढे सिडनीच्या अ‍ॅन फ्लेचर या बाईंनी त्या कलशासाठी मखमलीची पिशवी शिवून दिली. ती पिशवीही जपलेली आहे. जगातल्या सगळ्यात कडव्या मानल्या गेलेल्या पुरुषांच्या स्पर्धेचं मानचिन्ह हे असं बायकांच्या हातून घडलं, हे आपण फार क्वचित बोलतो.

ब्लाय यांच्या संघाने पहिला सामना गमावला. दुसऱ्यात बिली बेट्सने 14 बळी घेतले, त्यांत एक हॅटट्रिकही, आणि इंग्लंड डावाने जिंकलं. तिसरा सामनाही सिडनीत त्यांनीच जिंकला. राख मिळाली, असं सगळे म्हणाले. नंतर आणखी एक सामना झाला, तो ऑस्ट्रेलियाने जिंकला, पण तोवर कलशाचा निकाल लागला होता. रूपर्ट्सवूडच्या त्या मुक्कामात ब्लाय यांना आणखी काही मिळालं होतं. बीचवर्थ या सोन्याच्या खाणींच्या गावात वाढलेली फ्लॉरेन्स मॉर्फी त्या घरात मुलांना संगीत शिकवायची. फेब्रुवारी 1884 मध्ये सनबरीला त्यांचं लग्न झालं. पुढे ब्लाय स्वतः अर्ल झाले, केंटमधल्या कोभम हॉलमध्ये राहू लागले. कलश त्यांच्या घरात शेकोटीवरच्या फळीवर असायचा. पहिल्या महायुद्धात याच कोभम हॉलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा झाली. फ्लॉरेन्स यांनी ते काम मनापासून केलं आणि त्यासाठी त्यांना सन्मानही मिळाला. आपल्या देशातून आलेल्या, घरापासून हजारो मैल लांब पडलेल्या त्या पोरांना, आपल्याच देशात दिला गेलेला तो कलश तिथे भेटत असेल. 1927 मध्ये ब्लाय गेले. त्यानंतर फ्लॉरेन्स यांनी कलश मेरिलबोन क्रिकेट क्लबला देऊन टाकला. तोपर्यंतची 40 हून अधिक वर्षं तो एका नवरा-बायकोच्या घरातली वस्तू होता.

ब्लाय यांच्या त्या संघात जॉर्ज व्हर्नन नावाचे एक खेळाडू होते. तेच व्हर्नन 1890 च्या जानेवारीत आपला संघ घेऊन मुंबईला आले. बॉम्बे जिमखान्यावर पारशी संघाशी त्यांची गाठ पडली, आणि मेहेलाशा पावरी यांच्या गोलंदाजीपुढे ते हरले. गोऱ्यांच्या जिमखान्यात, गोऱ्यांच्या खेळात, एतद्देशीयांनी मिळवलेला तो विजय मुंबईने डोक्यावर घेतला. त्यातून युरोपियन विरुद्ध पारशी हा सामना सुरू झाला, मग हिंदू आले, मुसलमान आले, तिरंगी, चौरंगी आणि पुढे पंचरंगी स्पर्धा उभी राहिली. रूपर्ट्सवूडच्या हिरवळीपासून मुंबईच्या मैदानांपर्यंत असा एक सलग धागा आहे. एका वसाहतीने साम्राज्याला हरवलं, तेव्हा तिथे राखेची गोष्ट जन्मली. दुसऱ्या वसाहतीतल्या माणसांनी ते पाहिलं, आणि आपणही हरवू शकतो हे त्यांना उमगलं. ऑस्ट्रेलिया तर 1882 मध्ये देशसुद्धा नव्हता. निरनिराळ्या वसाहती एकत्र येऊन त्यांचा संघराज्य म्हणून जन्म झाला तो 1 जानेवारी 1901 ला. त्याच्या 18 वर्षं आधी ते अकरा जण एका नावाने ओव्हलवर उतरले होते. देश पुढे झाला, संघ आधी.

राखेची ही गोष्ट मधल्या काळात विस्मरणातच गेली होती. ती पुन्हा लोकांच्या तोंडी आणली इंग्लंडचे कर्णधार पेल्हम वॉर्नर यांनी. 1903-04 च्या दौऱ्यावर जाताना आपण राख परत आणणार असं ते म्हणाले, मालिका जिंकून आले आणि त्याच नावाने पुस्तक लिहिलं. तेव्हापासून ती राख मालिकेला चिकटली ती कायमची. आणि तिथूनच तिचं वजनही वाढत गेलं. वजन वाढलं की वस्तूचा मूळ स्वभाव झाकला जातो. 1932-33 मध्ये तेच वॉर्नर इंग्लंडच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून ऑस्ट्रेलियात होते. कर्णधार होते डग्लस जार्डिन, मुंबईच्या मलबार हिलवर 1900 साली जन्मलेले. डॉन ब्रॅडमन यांनी आधीच्या मालिकेत 974 धावा केल्या होत्या. त्यांना रोखायचं तर चेंडू शरीरावर टाकायचा आणि लेगच्या बाजूला झेलणाऱ्यांचं कडं उभं करायचं, हा जार्डिन यांचा बेत. नॉटिंगहॅमशायरच्या कोळशाच्या खाणीतून वर आलेला हॅरोल्ड लारवूड हे त्यांचं हत्यार. त्याने 33 बळी घेतले. इंग्लंडने मालिका 4-1 अशी जिंकली. ब्रॅडमन यांची सरासरी 56 वर आली. पण अ‍ॅडलेडला ऑस्ट्रेलियाचे कर्णधार वुडफुल यांच्या छातीवर चेंडू आदळला, यष्टिरक्षक ओल्डफिल्ड यांची कवटी दुखावली, प्रेक्षक चवताळले, आणि दोन देशांच्या क्रिकेट मंडळांत अशा तारा गेल्या की सरकारांना मध्ये पडावं लागलं. वुडफुल यांची विचारपूस करायला वॉर्नर गेले तेव्हा त्यांनी सांगितलं की मैदानावर दोन संघ आहेत आणि त्यांतला एकच क्रिकेट खेळतो आहे.

त्या संघात पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान होते. सिडनीला पहिल्याच कसोटीत त्यांनी शतक काढलं. पण लेगच्या त्या कड्यात उभं राहायला त्यांनी नकार दिला, आणि दुसऱ्या सामन्यानंतर त्यांना वगळलं गेलं. मला या मालिकेतलं सगळ्यात मोठं कर्तृत्व तेच वाटतं. शतकापेक्षा तो नकार मोठा. एकच वर्षाने जार्डिन मुंबईत, आपल्या जन्मगावी, भारताच्या भूमीवरची पहिली कसोटी खेळायला आले. बॉम्बे जिमखान्यावरच्या त्या सामन्यात लाला अमरनाथ यांनी 118 धावा केल्या. ज्याची ऑस्ट्रेलियाने एवढी धास्ती घेतली होती, त्याच्यासमोर एका पोरसवदा खेळाडूने भारताचं पहिलं कसोटी शतक झळकावलं.

शरीरवेधी गोलंदाजीची ही कहाणी बहुतेक जण 1933 ला संपवतात. मला तिचा शेवट पुढे दिसतो. लारवूडला माफीनामा द्यायला सांगितलं गेलं. कर्णधाराचा हुकूम मानला म्हणून मी माफी कशी मागू, असं म्हणत त्याने तो दिला नाही, आणि इंग्लंडसाठी तो पुन्हा कधीच खेळला नाही. ब्लॅकपूलला त्याने गोळ्या-चॉकलेटांचं छोटं दुकान चालवलं. 1950 मध्ये बायको आणि मुलींना घेऊन तो जहाजाने निघाला, आणि गेला तो ऑस्ट्रेलियात. ज्या देशाने त्याला शिव्याशाप दिले होते त्या देशाने त्याचं स्वागत केलं, काम दिलं, शेजार दिला. त्याच्या चेंडूंसमोर उभा राहिलेला जॅक फिंगल्टनच त्याला आणायला धडपडला होता. 1995 मध्ये सिडनीतच लारवूड वारला. स्वतःच्या लोकांनी बाजूला सारलेला माणूस प्रतिस्पर्ध्याच्या गावात म्हातारा झाला. क्लार्कबाईंनी दिलेल्या भेटीचा मूळ सूर इतक्या वर्षांनी त्यात पुन्हा ऐकू येतो.

2005 मध्ये बर्मिंगहॅमला तोच सूर सगळ्या जगाने ऐकला. 282 धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाचा शेवटचा गडी 279 वर बाद झाला. इंग्लंड 2 धावांनी जिंकलं, खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. ब्रेट ली 43 वर नाबाद राहून खाली बसला होता. अँड्र्यू फ्लिंटॉफ आपल्या माणसांमधून बाजूला झाला, त्याच्याजवळ जाऊन वाकला, हात हातात घेतला. त्या मालिकेत कितीतरी थरारक क्षण आले, पण लोकांच्या मनात राहिला तो हा.

या कलशाचं आणखी एक वेगळेपण सांगायला हवं. तो जिंकणाऱ्याला मिळत नाही. 1989 ते 2005 अशी सलग 16 वर्षं अ‍ॅशेस ऑस्ट्रेलियाकडे होती, आणि कलश लंडनलाच. मेरिलबोन क्लबचं म्हणणं असं की ती ब्लाय यांना मिळालेली भेटवस्तू आहे, चषक नव्हेच. 1998-99 पासून विजेत्याला स्फटिकाची एक मोठी प्रतिकृती देतात. खरा कलश क्वचितच प्रवास करतो. 2006-07 मध्ये तो ऑस्ट्रेलियात नेला होता, आणि त्याच वेळी ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला 5-0 असं धुतलं. तरी कलश परत लॉर्ड्सला आला. ऑस्ट्रेलियाच्या चाहत्यांची याबद्दलची नाराजी मला समजते. पण ज्याच्यासाठी आपण लढतो ते कधीच आपल्या कपाटात येणार नाही, हे माहीत असूनही लढत राहणं, यात एक मोठेपणा आहे.

बायकांनी या परंपरेला पुढे एक फार सुंदर जोड दिली. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला 1934-35 पासून एकमेकींशी कसोटी खेळत होत्या, पण त्यांच्याकडे कलश नव्हता. जुलै 1998 मध्ये लॉर्ड्सवर दोन्ही संघांच्या सह्या असलेली एक बॅट आणि इंग्लंडच्या महिला क्रिकेट संघटनेचं नियमपुस्तक जाळण्यात आलं, आणि ती राख एका लाकडी चेंडूत ठेवली गेली. 1787 पासून फक्त पुरुषांना सभासद करून घेणाऱ्या मेरिलबोन क्लबने बायकांना दार उघडलं ते याच वर्षी, सप्टेंबरमध्ये. म्हणजे बायकांची राख आधी आत गेली आणि बायका नंतर.

आता आपल्याकडे वळू या. आग आपणही लावली आहे. 13 मार्च 1996 ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत हरायला लागला तसे प्रेक्षकांनी गॅलरीत जाळपोळ केली, मैदानात बाटल्या फेकल्या. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावं लागलं. नाबाद राहिलेला आपला विनोद कांबळी रडत रडत परतला, ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना आजही अस्वस्थ करतं. 2007 च्या विश्वचषकात आपण पहिल्याच फेरीत बाहेर पडलो तेव्हा खेळाडूंचे पुतळे जाळले गेले, रांचीत महेंद्रसिंह धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर हल्ला झाला. चारच वर्षांनी याच धोनीने वानखेडेवर विश्वचषक जिंकून दिला, आणि तेच लोक रस्त्यावर नाचले. पुतळ्यांची राख कुणी जपली नाही. जपण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पराभवानंतर लंडनच्या एका पत्रकाराने आग कागदावर लावली, रूपर्ट्सवूडच्या बायकांनी बेल किंवा तसंच काही जाळलं, आणि त्यातून आजवर टिकलेलं नातं उभं राहिलं. आपण माणसांच्या प्रतिमा जाळल्या आणि हाती काहीच उरलं नाही. दोन्हीकडे हरल्याचं दुःख तेवढंच तीव्र होतं. त्या दुःखाचं काय करायचं, हे ज्याने त्याने आपापलं निवडलं.

आपल्या मालिकांनाही आता चषक आहेत. भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेला 1996 पासून अ‍ॅलन बॉर्डर आणि सुनील गावसकर यांचं नाव आहे. गेल्या तीस वर्षांत या चषकाने कोलकाता, अ‍ॅडलेड, गॅबा अशा मैदानांवर स्वतःचा इतिहास मिळवला आहे. पण जानेवारी 2025 मध्ये सिडनीला तो ऑस्ट्रेलियाला दिला गेला तेव्हा गावसकर मैदानावर हजर असूनही तो एकट्या बॉर्डर यांच्या हातून दिला गेला. आपणही तिथे असतो तर आवडलं असतं, असं गावसकर साधेपणाने म्हणाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये भारत जी मालिका खेळतो तिच्या पतौडी चषकाच्या जागी अँडरसन-तेंडुलकर चषक आला. सचिनच्या नावाचा कुठल्या मराठी माणसाला अभिमान वाटणार नाही? तरीही जो माणूस लेगच्या कड्यात उभा राहिला नाही, त्याच्या घराण्याचं नाव पुसून दुसरं लिहिताना आपण एक आठवण मोडतो आहोत, हे कुणाला तरी जाणवायला हवं होतं. कलशाला 140 वर्षांत कुणी नाव बदलून दिलं नाही, म्हणूनच तो भरला.

आणि योगायोग पाहा. या नव्या चषकाची पहिली मालिका संपली ती 4 ऑगस्ट 2025 रोजी, त्याच ओव्हल मैदानावर. इंग्लंडला पुन्हा थोड्याच धावा हव्या होत्या. शेवटचा गडी म्हणून ख्रिस वोक्स खांदा निखळलेला, हात गळ्यात बांधून स्वेटरखाली घेतलेला, असा चालत आला. 1882 च्या स्टडप्रमाणे तोही समोरच्या टोकाला उभा राहिला आणि त्यालाही एकही चेंडू खेळावा लागला नाही. मोहम्मद सिराजने गस अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला. 143 वर्षांपूर्वी इंग्लंड तिथे 7 धावांनी हरलं होतं. या वेळी 6 धावांनी. मालिका 2-2 अशी बरोबरीत सुटली. भारतात जल्लोष झाला, आणि एका हाताने खेळायला आलेल्या वोक्सला मैदानाने उभं राहून मानवंदना दिली. नव्या चषकाला यापेक्षा चांगला आरंभ मिळाला नसता. आता त्याला थोडी वर्षं एकाच नावाने राहू द्यावं.

चषक सोनाराकडून घडवून घेता येतो, त्यावर हवं ते नाव कोरता येतं. त्याला किंमत येते ती हरणाऱ्याने आपली हार कशी सोसली आणि जिंकणाऱ्याने पाहुण्याला कसं वागवलं यावरून. पुढच्या वेळी आपला संघ हरेल, आणि तो कधीतरी हरणारच, तेव्हा मोबाइल हातात घेऊन एखाद्या पंचविशीतल्या पोराला शिव्या लिहिण्याआधी एवढी गोष्ट आठवा. आणि जिंकलो, तर समोरच्या टोकाला नाबाद राहिलेल्या त्यांच्या माणसासाठीही टाळ्या वाजवा.